रुचिराच्या कडेला

आईच्या ‘रुचिरा’ला आता कव्हर नाही. त्या जागी रेल्वेच्या जुन्या रजिस्टरचं कापड चिकटवलेलं आहे आणि सुटलेली पानं गोधडीच्या दोऱ्याने शिवलेली आहेत. पुस्तक उघडलं की आधी हळदीचा वास येतो, मागून घासलेटचा. खांडबाऱ्याच्या क्वार्टरमध्ये ते स्टोव्हच्या वरच्या फळीवर असायचं, म्हणून. आई गेल्यावर भांड्यांची वाटणी झाली, तिच्या दोन पैठण्यांवरून थोडं बोलणंही झालं, पण पुस्तक कुणी मागितलं नाही. मी ते उचललं ते छापलेल्या मजकुरासाठी नव्हे. तो आजही दुकानात नवाकोरा मिळतो. आईने समासात, दोन पाककृतींच्या मधल्या मोकळ्या जागेत आणि मागच्या कोऱ्या पानांवर शिसपेन्सिलीने जे लिहून ठेवलंय, ते मात्र दुसरीकडे कुठेच नाही.

खांडबारा म्हणजे सुरत-भुसावळ लाईनवरचं, नवापूर तालुक्यातलं गाव. नवापूर सोडून नंदुरबारकडे निघालं की मधे लागतं. ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीने एकोणिसावं शतक संपता संपता ही लाईन टाकली. आता आमचा जिल्हा नंदुरबार, पण तो झाला १ जुलै १९९८ ला. आम्ही राहायला गेलो तेव्हा धुळे जिल्हा होता, आणि म्हातारी माणसं त्यालाही पश्चिम खानदेशच म्हणत. बाजारात उभं राहिलं की चार भाषा कानावर पडायच्या. दुकानदारांची गुजराती, शेतकऱ्यांची अहिराणी, शाळा-कचेरीची मराठी आणि आसपासच्या पाड्यांवरून डोक्यावर टोपल्या घेऊन येणाऱ्या गावित बायांची मावची. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बुकिंग क्लार्क म्हणून तिथे बदली झाली ती १९७० साली. मी पाच वर्षांचा होतो.

आईचं माहेर किर्लोस्करवाडीचं. आजोबा तिथल्या कारखान्यात ओतकामावर होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला, तेव्हा त्या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. नांगरांबरोबर तिथे मासिकंही निघू लागली, ‘किर्लोस्कर’, मग १९३० साली ‘स्त्री’. हे एवढं सांगतोय, कारण आईच्या अभिमानाची सगळी मुळं तिथे होती. ‘रुचिरा’ लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले त्याच कुंडलच्या. शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या त्या सासूच्या हाताखाली. त्यांचं पुस्तक १९७० साली किर्लोस्करांनी छापलं. पुढच्या दिवाळीला मामा आम्हाला भेटायला आला, तो दोन दिवसांत तीन गाड्या बदलून, आणि त्याच्या पिशवीत हे पुस्तक होतं. आई पुढे आयुष्यभर कमलाबाईंना ‘आमच्या कुंडलची बाई’ म्हणायची. कधी भेट झाली नव्हती, होणारही नव्हती. पण गाव एक म्हटलं की माणूस आपलंच!

तिला पुस्तकाची गरज का पडली, तेही सांगायला हवं. लग्नानंतर पाच वर्षं ती एकत्र कुटुंबात होती. तिथे चूल मोठ्या जाऊबाईंच्या ताब्यात. आईकडे निवडणं, चिरणं, वाटणं आणि वाढणं. फोडणी कशी तडतडते ते तिने रोज ऐकलं होतं, स्वतः कधी घातली नव्हती. खांडबाऱ्याला आली तेव्हा ती पंचविशीची बाई होती, पदरात एक मूल होतं, आणि वरण-भात-भाकरीपलीकडे तिला काही धड येत नव्हतं. हे कुणाला सांगायची चोरी. त्या वयाच्या बाईला येत नाही म्हणजे काय? पहिल्या वर्षी तिने रव्याचे लाडू केले. पाक पुढे गेला. अण्णांचे एक सहकारी लाडू हातात घेऊन म्हणाले, “वहिनी, रुळाखालची खडी कमी पडली तर आता काळजी नाही.” सगळे हसले, आईही हसली. रात्री मात्र तिने ते लाडू खलबत्त्यात कुटले, दुधात शिजवून त्याची खीर केली आणि तीन दिवस आम्हाला तीच खाऊ घातली.

तेव्हा मराठी बाईसाठी पाकशास्त्राचं पुस्तक ही नवलाई राहिली नव्हती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापलं गेलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चं, त्यात पाठारे प्रभूंच्या घरचे मासे-मटणाचे प्रकार आहेत. छपाईच्या आधीचं पाहायचं तर सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ रचलं, आणि त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लासा’त अन्नाचं मोठं प्रकरण आहे. पण ते संस्कृतात. राजाने काय खावं हे त्यात आहे, सोमवारी सकाळी स्टोव्हपुढे उभ्या राहिलेल्या बाईने काय करावं हे नाही.

‘रुचिरा’चं वेगळेपण एका साध्या गोष्टीत होतं. सगळं माप वाटी-चमच्याचं.

आज हे वाचून कुणाला विशेष वाटणार नाही. पण तेव्हाचा काळ आठवा. आईच्या आईची पिढी निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली यांत मोजायची. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यातही या गावची पायली त्या गावाला जुळेल याची खात्री नाही. वजनाला शेर, छटाक, तोळे, मासे वेगळेच. १९५८ पासून सरकारने किलो-ग्रॅम आणायला सुरुवात केली आणि १९६२ पर्यंत दुकानातली जुनी वजनं कायद्याने बाद झाली. बाजारातून बाद झाली, डोक्यातून नाही. खांडबाऱ्याच्या हाटात तेव्हाही दाणे टोपलीने आणि पसाभर मापाने विकले जायचे. म्हणजे आई दुकानात किलोने घ्यायची, हाटात टोपलीने, आणि आठवणीतलं आजीचं माप होतं शेराचं. या तीन मापांच्या चिखलात रुतलेल्या बाईला कुणीतरी सांगितलं की, हे सगळं सोड, तुझ्या घरात एक वाटी आहे ना? मग तिच्या प्रमाणात बाकीचं घे. वाटी लहान असो की मोठी, एकास एक ते एकास एकच राहतं. तराजू नको. चौथी शिकलेल्या बाईने काढलेली ही वाट मला मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांच्या तोडीची वाटते. (हे मी एकदा आमच्या गणिताच्या सरांना म्हणालो तर ते म्हणाले, “गुणोत्तर आहे ते, त्यात काय!” तेच तर म्हणतोय, सर.)

आईने एक पितळी वाटी त्या कामाला बाजूला काढली. तिला कुणी हात लावायचा नाही. अण्णांनी एकदा तीत दाढीचं पाणी घेतलं तर दोन दिवस अबोला.

त्या वाटीने ती एकेक गोष्ट शिकत गेली. मला आठवतात ते तिचे सराव. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून ताणायचा, एक तार आली की लाडवाला, आणखी पुढे गेला की वड्यांना. थंड पाण्याच्या बशीत टाकून गोळी होते का पाहायची. चकलीच्या पिठात कडकडीत मोहन घालताना पीठ फसफसलं पाहिजे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत वाळवून कुटायचे आणि गुळात मुरवायचे. तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवायची आणि उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. पहिल्या वर्षी अनारसे तुपात हसले, म्हणजे फुटून पार विरघळले. दुसऱ्या वर्षी जमले. समासात तिने लिहिलंय, ‘गूळ इकडचा ओला. पाऊण वाटीच घेणे.’

असल्या नोंदी पुस्तकभर आहेत. पुण्या-सांगलीकडची पाककृती तापीच्या खोऱ्यात आली की तिला गावठी पाणी लागायचं. ओला नारळ खांडबाऱ्यात सहसा मिळायचा नाही, मिळाला तर सुरतेकडून आलेला आणि अर्धा नासका. म्हणून जिथे जिथे ओलं खोबरं, तिथे आईची नोंद ‘दाण्याचं कूट’ किंवा ‘सुकं खोबरं भाजून’. आमसुलाची गंमतच झाली. दुकानात जाऊन तिने आमसूल मागितलं, दुकानदाराने आमचूर बांधून दिलं. आंब्याच्या वाळवलेल्या फोडी. इकडे जंगलातला आंबा भरपूर, बाया कैऱ्या सोलून उन्हात घालतात आणि वर्षभर तेच आंबट. आईने तेच आमटीत टाकलं आणि आमटी बरी लागली. नोंद आहे, ‘आमसुलाऐवजी आमचूर. निम्मं.’ तूरडाळीबद्दल मात्र तिची कसलीच तक्रार नव्हती. नवापूरची तूरडाळ म्हणजे काय ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरात ते आईने १९७१ सालीच देऊन टाकलं होतं. ‘वरणाला दुसरं काही घालू नये,’ एवढंच लिहिलंय.

एक गोष्ट पुस्तकाने तिला शिकवली नाही, ती खापरावरची पोळी. आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये चाळीसगावकडच्या एक काकू होत्या. त्या चुलीवर मातीचं खापर पालथं टाकत, आणि पुरण भरलेला उंडा लाटण्याला न लावता दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवत. मग एका झटक्यात खापरावर. सोमेश्वर राजाच्या ग्रंथात मांडे भाजायला तापलेलं खर्परच सांगितलंय, म्हणजे आठशे-नऊशे वर्षांत खानदेशच्या बाईने चूल बदललेली नाही. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा आई सांगायची, तेव्हा मला ती पाठ काकूंच्या खापरासारखीच दिसायची. आईने काकूंपुढे चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा पोळी कोपरावर फाटली आणि पुरण पायावर पडलं. “तुले पुस्तक शिकाडस, मले मायनी शिकाडं,” काकू म्हणाल्या आणि पदराने घाम पुसला. त्या पानावर आईची नोंद नाही. वाटीत मावत नाही ते तिने लिहिलं नाही.

मग आला १९७२ चा दुष्काळ.

ज्यांनी तो पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला. कामावरच्या मजुरांना सुकडी मिळायची. आमचं घर पगाराचं, आम्ही उपाशी राहिलो असं म्हटलं तर खोटं होईल. पण पगार झाला तरी दुकानात माल हवा ना! गूळ-साखरेचे भाव असे चढले की चहात साखर चमच्याच्या टोकाने पडू लागली. मिलोची भाकरी थापताना तुटायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. बासुंदीच्या पानावर, अगदी बासुंदीच्याच, आईची नोंद आहे, ‘मिलो: पाणी उकळून त्यात पीठ घालणे, उकड काढणे, गरम असता मळणे. भाकरी तुटत नाही.’ मोदकाच्या उकडीची रीत तिने मिलोला लावली होती. कमलाबाईंनी शिकवलेली कला कुठे वापरावी लागली पाहा.

त्याच वर्षातली ती दुसरी नोंद, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

आमच्याकडे पाणी भरायला आणि कांडायला एक गावित बाई यायची. स्टेशनच्या पलीकडे दोन-अडीच मैलांवर तिचा पाडा. आम्ही मुलं तिला मावशी म्हणायचो, आई तिला नावाने हाक मारायची, आणि ती आईला ‘टेशनबाई’ म्हणायची. मराठी मोडकंतोडकं, आईला मावची शून्य. तरी दोघींचं बोलणं तासन् तास चालायचं. कशावर चालायचं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या होळीच्या आसपास मावशीने फडक्यात बांधून काहीतरी आणलं. काळपट तांबडं, मनुकांसारखं, पण वास मनुकांचा नव्हे. गोड, जड, थोडा आंबूस. मोहाची फुलं. चैत्राच्या तोंडावर मोहाचं झाड रात्रभर फुलं गाळतं, पांढरट पिवळी, रसाने फुगलेली. बाया-पोरं अंधार असताना टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उजाडलं की गुरं आणि रानातली जनावरं पोचतात. झाडाखालची जागा आधीच साफ केलेली असते. फुलं तीन-चार दिवस उन्हात पडली की आकसून तांबडी होतात आणि पुढे वर्षभर टिकतात. पावसाळ्याच्या आधी त्याच झाडाच्या बिया पडतात, त्यांचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. मावशीच्या आजीने छप्पन्नचा काळ पाहिला होता. छप्पन्न म्हणजे संवत १९५६, इसवी सनाचा १८९९-१९०० चा दुष्काळ, तीच आमची रेल्वे लाईन तयार होत होती तेव्हाचा. त्या वर्षी आमच्या घरात मोहानेच माणसं जगवली असं मावशी सांगायची.

तिने आईला करून दाखवलं. फुलं चोळून आतले केसर झटकायचे, दोन पाण्यांनी धुवायची, थोड्या पाण्यात मंद शिजवायची, पाणी आटलं की भाजलेल्या तिळाबरोबर उखळात कुटायची. झाले लाडू. गूळ नाही, साखर नाही. मी त्यातला पहिला खाल्ला, म्हणून सांगू शकतो, गोडी गुळापेक्षा खोल असते आणि मागे जिभेवर किंचित कडवट तार राहते.

आईने पुढचं पाऊल टाकलं. शेजारच्या गुजराती बेन पुरणपोळी तूरडाळीची करत, आमच्याकडे हरभऱ्याची. हरभराडाळ महाग झाली होती. आईने तूरडाळ शिजवली, तीत शिजवलेला मोह वाटून घातला आणि पुस्तकात सांगितलेल्या रीतीने पुरण परतलं, उलथनं मधोमध उभं राहीपर्यंत. त्या वर्षीच्या पाडव्याला आम्ही मोहाची पुरणपोळी खाल्ली. अण्णांनी तीन खाल्ल्या, मग विचारलं, “गूळ कुठून आणलास गं?”

आईने सांगितलं. अण्णांचा हात ताटातच थांबला.

आता वाचकाला वाटेल, फुलांनी एवढं काय बिघडतं? पण मोहाची दारू निघते, आणि म्हणून मोहाच्या फुलावर सरकारचा डोळा फार जुना. इंग्रजांनी १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा वेगळा कायदाच केला होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, त्यातही मोहफुलं ठेवण्यावर, नेण्या-आणण्यावर बंधनं होती. म्हणजे ज्या फुलाने दुष्काळात पोट भरायचं, ते घरात सापडलं तर आधी संशय दारूचा. हे मला आजही न्यायाचं वाटत नाही. द्राक्षाची दारू होते म्हणून नाशिकच्या माणसाने मनुका लपवून खाल्ल्याचं मी ऐकलेलं नाही!

अण्णा भित्रे नव्हते, पण नोकरी रेल्वेची. “अगं, क्वार्टरमध्ये मोह? उद्या कुणी चुगली केली तर मी काय सांगू, पुरणासाठी आणला?” आई म्हणाली, “अहो, मग खरं तेच सांगा.” पण दुसऱ्या दिवशी तिने फडकं मावशीला परत दिलं. आणि पुस्तकात, पुरणपोळीच्या खालच्या मोकळ्या जागेत, लिहिलं: ‘रानमनुका १ वाटी, धुऊन शिजवून. तूरडाळ दीड वाटी. गूळ नको. वेलदोडा नको, वास मरतो. लाडवास तीळ पाव वाटी.’ आणि खाली, ‘इकडील पद्धत.’

रानमनुका! मोह हा शब्द पुस्तकभर कुठे नाही.

मोठा झाल्यावर, थोडी चळवळीची पुस्तकं वाचल्यावर, मला त्या ‘इकडील पद्धत’चा राग येऊ लागला. ‘रुचिरा’वर कमलाबाईंचं नाव आहे. चाळीसगावच्या काकूंकडून घेतलेल्या बिबड्यांच्या नोंदीपुढे आईने त्यांचं आडनाव लिहिलंय. बेनकडच्या हांडव्यापुढे बेनचं नाव आहे. आणि जिने तुला दुष्काळात गोड खाऊ घातलं तिचं? ‘इकडील’! एकदा, मी कॉलेजात असताना, आईला तोंडावर म्हणालो, “मावशीचं नाव लिहायला तुझी पेन्सिल झिजली असती का?” आईने माझ्याकडे पाहिलं, आणि “तुला काय कळतंय,” एवढंच म्हणून भांडी घासायला गेली. मी ते तिचं अपराधीपण समजलो. पुढे अनेक वर्षं तसंच समजत राहिलो. आमची खांडबाऱ्याहून बदली १९७८ साली झाली होती, मावशीची गाठ पुन्हा पडली नाही.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांवरची बंधनं उठवली. गोळा करणं, साठवणं, विकणं, सगळं मोकळं झालं. बातमी वाचली तेव्हा आई नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात मी पुस्तक पिशवीत घालून खांडबाऱ्याला गेलो. स्टेशन ओळखू येतं, क्वार्टर नाही. विसरवाडीच्या रस्त्याला आता सारख्या जीपा धावतात. पाड्यावर विचारत विचारत मावशीच्या घरी पोचलो. मावशी जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तिची नात भेटली. शिकलेली आहे, नोकरी करते, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. ‘टेशनबाई’ म्हटल्यावर तिने मला आत बोलावलं.

मी पान उघडून दिलं. तिने सगळी नोंद मोठ्याने वाचली आणि ‘रानमनुका’पाशी हसली. मग मी तयारी करून आणलेलं वाक्य म्हणालो, की आईने तुमच्या आजीचं नाव लिहिलं नाही याचं मला वाईट वाटतं, ते लिहायला आलोय.

ती म्हणाली, “तुमच्या आईने लिहायला घेतलं होतं. आजीने हात धरला तिचा.”

मावशीच्या घरी त्याच्या आदल्या वर्षी धाड पडली होती. मोहाची कणगी ओतून दिली होती आणि तिच्या दिराला नेलं होतं. दारू त्याने काढली होती की नाही, ते नातीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यानंतर कुठल्याही कागदावर मोह आणि आपलं नाव जवळजवळ नको, असं मावशीने धरलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. आपलं नाव लिहिलं गेलं की नाही हे तिला तपासता आलं नसतं, म्हणून तिने हातच धरून ठेवला, पेन्सिल खाली ठेवीपर्यंत. ही गोष्ट ती घरी नातवंडांना हसत हसत सांगायची. माझ्या आईने ती मला सांगितली नाही. का, ते विचारायला आता उशीर झाला.

“मग आता लिहू?” मी विचारलं.

तिने जरा विचार केला. “या पुस्तकात लिहा. दुसरीकडे छापू नका.” म्हणून इथे छापत नाही. पुस्तकात मात्र मी लिहिलं नाही, तिनेच लिहिलं, स्वतःच्या पेनाने, ‘इकडील पद्धत’च्या पुढे, पूर्ण नाव. शिसपेन्सिलीच्या त्या फिकट ओळींत निळी शाई उठून दिसते.

मग तिने पुन्हा वर नजर टाकली आणि ‘तीळ पाव वाटी’ खोडलं.

“हे चुकलंय. आजी वाटीने नाही घ्यायची, मुठीने घ्यायची. आणि तिची मूठ मोठी होती.” तिने ‘एक मूठ’ लिहिलं, आपली मूठ उघडून पाहिली, आणि पुढे कंसात ‘मोठी’ घातलं. “तीळ आधी भाजायचे हेही नाही लिहिलं.”

“तेवढं आई विसरली असेल.”

“बसा,” ती म्हणाली. “फुलं आहेत घरात, यंदाची. वाटी घेऊन मोजायची असेल तर मोजून घ्या.”